दोन धारांच्या मधली मजुरी

जिथे कारखाने जास्त, तिथे मजुरी जास्त, असं मी घरून निघताना धरूनच चालले होते. कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. आमच्या हिंगोलीकडच्या गावात सगळेच असं मानतात. कुणाचा मुलगा पुणे जिल्ह्यात कामाला लागला की त्याच्या आईशी बायका जरा जपून बोलतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी सांगेन ते खरं असणार असं आईला वाटतं. म्हणून जे पाहिलं ते नीट लिहून काढावं, असं परत आल्यावर ठरवलं. लिहिताना अजून हात अडखळतो. काही ठिकाणी चूक माझीच होती.

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी सरांनी मला विषय दिला होता: एखाद्या भागात काम देणारे मोजकेच असतील, तर तिथल्या मजुरीवर काय परिणाम होतो आणि कुणाला किती मिळतं यात फरक कसा पडतो. मी मान हलवली. सगळं समजलं होतं असं म्हणवत नाही. पुण्यातल्या कॉलेजातली माझ्या वर्गातली मैत्रीण स्वाती म्हणाली, आमच्याकडे चल, संक्रांतीच्या आधी आठ-दहा दिवस राहू. ती बारामती तालुक्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकची.

कोऱ्हाळे बुद्रुक

बारामतीच्या स्टँडवर उतरले आणि, पुण्यात राहत असूनही, तालुक्याच्या गावातल्या रस्त्याच्या रुंदीकडे बघतच राहिले. स्वातीला हसू आलं. माझ्या तालुक्याच्या गावाचा बाजार या एका चौकात मावला असता. पुढे कोऱ्हाळ्याकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि रस्त्यावर सांडलेली कांडकी. हिरवं संपतच नव्हतं. आमच्याकडे जानेवारीत असं हिरवं फक्त विहिरीच्या आसपास दिसतं.

स्वातीच्या आईने बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि ठेचा वाढला. आम्ही ज्वारी खाणारी माणसं. माझी पहिली भाकरी ताटात तशीच राहिली, आणि त्यांना वाटलं मला ठेचा तिखट लागला. मी तसंच वाटू दिलं.

जेवताना स्वातीच्या वडिलांनी विषय विचारला. मी अडखळत सांगितला. ते म्हणाले, "हितं बघून काय कळायचं न्हाय. माझ्या बहिणीकडं जा. तिच्या एका घरात दोन दुनिया हायत."

भवानीनगरच्या पुढे, वाडीवर

लताआत्यांची वाडी भवानीनगर ओलांडून इंदापूरच्या बाजूला आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. भवानीनगरच्या साखर कारखान्याजवळ हवेला उकळत्या रसाचा गोड, जड वास येतो. स्वातीला तो जाणवतही नव्हता. मला त्या वासापुढे दुसरं काही सुचलं नाही. मग हळूहळू ऊस विरळ झाला आणि डाळिंबाच्या बागा सुरू झाल्या.

आत्या चाळिशीच्या, बारीक, भराभर चालणाऱ्या. घरात दोन जर्सी गाई. माझी पहिली फजिती त्याच संध्याकाळी झाली. दुधाची किटली घेऊन मी स्वातीबरोबर संकलन केंद्रावर निघाले. केंद्र सातला बंद होतं आणि एका मिनिटाचीही सूट नाही, म्हणून स्वाती पळायला लागली. मीही पळाले, ठेच लागली आणि ओंजळभर दूध रस्त्यावर गेलं. आत्या रागावल्या नाहीत. पण त्यांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग किटलीकडे, आणि मग माझ्याकडे. त्या घरात घड्याळाची जागा कुठे आहे हे मला तेव्हा समजलं.

पहाटे पाचला धार, संध्याकाळी पाचला धार. मधल्या वेळात आत्या डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे फळं निवडून खोक्यांत भरतात तिथे, कामाला जातात. सकाळी आठला पिकअप गाडी येते आणि पाचच्या आत परत सोडते. म्हणजे आत्या घरापासून किती लांब कामाला जाऊ शकतात हे गाई ठरवतात. वहीवर मी एक गोल काढला. वाडी मध्यभागी, अर्ध्या तासाचा रस्ता ही त्रिज्या. त्या गोलात बायकांना बारा महिने काम देणारी जागा एकच होती, ते पॅकहाऊस. बारामतीतली कामं गोलाच्या बाहेर राहिली.

आत्यांचा मुलगा विशाल मात्र गोलाच्या बाहेर रोज जातो. आयटीआय करून तो इलेक्ट्रिशियन झाला आणि मोटारसायकलवर बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत जातो. दोन वर्षांत त्याची ही तिसरी कंपनी. सोडतो म्हटलं की पगार वाढतो, हे तो इतक्या सहज सांगत होता की मला खोटं वाटलं. त्याची एका दिवसाची कमाई आत्यांच्या जवळजवळ तीन दिवसांची होती. एकाच चुलीवरच्या भाकऱ्या खाऊन दोघं निघत होते.

विशाल आईची थट्टा करायचा. "आई, तू पण राजीनामा टाक की एकदा."

"टाकते," आत्या म्हणाल्या. "संध्याकाळची धार तू काढणार का तुझा साहेब?"

दुधाचं बिल आत्यांच्या यजमानांच्या खात्यात जमा होतं. पॅकहाऊसचा पगार तेवढा आत्यांच्या हातात येतो. त्यातून त्यांनी स्वतःचा मोबाईल घेतला होता, आणि तो त्या कमरेच्या पिशवीतून बाहेर काढताना फार जपून काढायच्या.

टेबल

दुसऱ्या दिवशी स्वाती आणि मी पिकअपमध्ये बसून गेलो. गाडी चालवणारे पोपटराव हेच बायकांचे मुकादमही. एका ओळीत दाटीने बसलेल्या बायकांनी मला मध्ये घेतलं. हिंगोलीत लग्नात हळद जास्त लावतात का, इथपासून चौकशी सुरू झाली, कारण आमच्याकडे हळद पिकते हे त्यांना माहीत होतं.

पॅकहाऊस म्हणजे पत्र्याची मोठी शेड. एका बाजूला पाण्याच्या टाकीवर क्रेट धुतात, एका बाजूला फळ पुसतात आणि मध्ये लांब टेबलं. आत्या टेबलावर. डाळिंब हातात घेतलं की त्या क्षणभर थांबतात आणि ते आपल्या डब्यात जातं. सर्वांत मोठं सुपर, मग किंग, क्वीन आणि प्रिन्स. बाजूला काटा असतो, पण तो त्यांना लागत नाही. एखादं फळ त्या वेगळं काढत. बाहेरून तजेलदार, पण आकाराच्या मानाने हलकं. म्हणजे आतले दाणे काळे पडलेले. मी अर्धा तास प्रयत्न केला. माझ्या हाताला सगळी फळं सारखीच लागली.

दुपारी डबा खाताना मी पगार विचारला. टेबलावरच्या बाईला, खोके चिकटवणारीला, टाकीवर क्रेट धुणारीला, झाडू मारणारीला, सगळ्यांना तोच आकडा. मला आधी बरं वाटलं. वहीत मी लिहिलंसुद्धा की इथे विषमता नाही. तिथले साहेब तरुण आणि शांत होते. त्यांनीही हेच सांगितलं की आमच्याकडे सर्वांना समान, भेदभाव नाही.

आत्यांच्या शेजारी टेबलावर काम करणाऱ्या मुमताजभाभींनी माझी वही डोकावून वाचली आणि शांतपणे भाकरी मोडत म्हणाल्या, "समान हाय ना. सगळ्यांनाच समान कमी हाय."

तेव्हा मी तो आकडा पुन्हा बघितला. पावसाळ्यात आमच्या गावात निंदणाला जी मजुरी मिळते तिच्यापेक्षा थोडासाच वर होता. इकडे निंदणाला खुरपण म्हणतात. मला खरोखर धक्का बसला. एवढे रस्ते, एवढे कारखाने, परदेशी जाणारं फळ आणि सहा वर्षं या कामात मुरलेला आत्यांचा हात. आमच्याकडे गवत वाढलं की सकाळी मारुतीच्या देवळापाशी वीस शेतकरी मोटारसायकली घेऊन बायका शोधत उभे राहतात. माझी आई पहिल्याला नाही म्हणते, दुसऱ्याला नाही म्हणते आणि तिसऱ्याबरोबर जाते. शेतकरी गरीबच, पण ते वीस आहेत. इथे आत्यांना नाही म्हणायचं झालं, तर हो कुणाला म्हणणार?

हे सगळं मनात ठेवलं असतं तर बरं झालं असतं. मी ते बोलले.

पुलाच्या पलीकडे

कालव्यावर एक पूल आहे. त्याच्या पलीकडे, इंदापूरच्या अंगाला, गेल्या वर्षी दुसरं पॅकहाऊस सुरू झालं होतं. घरापासून पंचवीस मिनिटांवर, म्हणजे माझ्या गोलात बसणारं, पण तोवर मला माहीतच नसलेलं. वाडीतल्या एकाही बाईने तिथे कधी विचारलं नव्हतं. मी कारण विचारलं तेव्हा आत्यांनी, दिवस उगवतो मावळतो इतक्या साधेपणाने सांगितलं, "त्यांची गाडी पुलापत्तुर येती. आपली पुलापासनं सुरू हुती."

मला वाटलं हा फक्त गाड्यांचा रस्ता आहे. मी आत्यांना समजावलं की काम देणारे दोन झाले की बाईचा भाव वाढतो, विशालसारखा. पलीकडचा मालक टेबलाच्या कामाचा वेगळा दर देईल. नाही दिला तर निदान विचारलं असं होईल. पुस्तकात असंच आहे, असंही म्हणाले. विशालनेही जोर लावला. आत्या दोन दिवस नेहमीसारख्या कामाला गेल्या. मग पॅकहाऊसच्या सुट्टीच्या दिवशी चांगलं लुगडं नेसून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, चला, बघून तर यू.

स्वाती गाईंपाशी थांबली. विशालच्या मोटारसायकलवर मागे आत्या आणि त्यांच्या मागे मी. पुलावरून जाताना आत्यांनी माझा हात धरून ठेवला होता. वारा गार होता. पलीकडची जमीन अगदी तशीच होती, त्याच बागा, तीच ठिबकची नळी.

तिथले साहेब वयस्क, गृहस्थ माणूस. त्यांनी खुर्च्या दिल्या. काय येतं असं विचारलं, आणि एक भरलेलं क्रेट आत्यांपुढे ठेवायला सांगितलं. आत्यांनी पदर खोचला. चार ढीग करायला त्यांना किती वेळ लागला हे मी मोजलं नाही, पण चहाला आधण ठेवलं होतं ते अजून उकळलं नव्हतं. साहेबांनी स्वतः प्रत्येक ढिगातली फळं काट्यावर ठेवून पाहिली. एकही चुकलं नव्हतं. आत्यांनी एक लालभडक फळ वेगळं ठेवलं होतं. साहेबांनी ते कापलं. आत काळं.

"अशा चार बाया मला पायजेत," ते म्हणाले. विशालने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला इतका आनंद झाला की मी वही बाहेर काढली.

मग त्यांनी गाव विचारलं. आत्यांनी सांगितलं. पुलाच्या अलीकडे का पलीकडे, असं त्यांनी पुन्हा विचारलं. आत्यांनी तेही सरळ सांगितलं, आणि आता कुठे कामाला आहे तेही. साहेबांनी टेबलावरचा फोन उचलला आणि आमच्यासमोरच, आवाज जराही न चढवता बोलले, "तुमच्या टेबलावरच्या एक मावशी आल्यात आमच्याकडं. न्हाय, घेतोय कुठं? म्हणलं तुमाला कळवावं." पलीकडून काहीतरी ऐकून ते हसले, घरच्यांची खुशाली विचारली आणि फोन ठेवला.

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, सर, तुम्ही असं का केलंत. त्यांना राग आला नाही. आमचे सर वर्गात समजावतात तसं त्यांनी मला समजावलं. दोघांचं आधीच ठरलेलं आहे. पुलाच्या त्या बाजूची बाई आम्ही घेत नाही आणि या बाजूची ते घेत नाहीत. एकदा का बाया इकडून तिकडे जायला लागल्या की दोघांचाही दर चढतो, आणि वरचा व्यापारी तर आम्हाला एक रुपया वाढवून देत नाही. यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. दोन शेजारी बांधाबद्दल बोलतात तसं ते बोलत होते. मग आत्यांकडे वळून ते मनापासून म्हणाले, "हातात गुण हाय तुमच्या, मावशी."

तेवढ्यात चहा आला. आम्ही तो प्यायलो. तिघंही प्यायलो, बशा परत ठेवल्या आणि उठलो. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

टाकी

दुसऱ्या दिवशी पिकअप थांबेल की नाही, हीच धास्ती होती. रात्रीच्या जेवणात विशाल एकदाच म्हणाला, काढून टाकलं तर? आत्यांनी त्याच्या ताटात भाकरी वाढली. मी परत पुण्याला जाणार होते. पुलाच्या दोन्ही बाजूंची फाटकं बंद झाली, तर आत्यांच्या हातात येणारा पगार थांबणार होता, आणि त्याचं कारण माझी वही होती.

गाडी थांबली. पोपटराव समोर बघत म्हणाले, "लताबाई, आज टाकीवर बरं का. वरनं निरोप हाय." बायकांनी जागा करून दिली. सगळ्यांना कळलेलं होतं.

दिवसभर आत्या जानेवारीच्या पाण्यात क्रेट धूत होत्या. पाण्यात औषध टाकलेलं असतं. दुपारी डबा उघडताना त्यांची बोटं पांढरी आणि सुरकुतलेली दिसली. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. त्यांनी मला गप्प केलं. "तू न्हायी गं बाय. मी माज्या पायानं गेले. फोन करत्यात हे कुणाला ठावं?"

टाकीवरही पगार तोच होता. शिक्षा म्हणजे काय, तर टेबल काढून घेणं. पगार तोच असण्यातली मेख मला त्या दिवशी कळली नाही, एवढंच वाटत राहिलं की निदान पैसे तरी तेवढेच आहेत. आत्यांना ती माझ्या आधी कळली होती, आणि जास्त नीट कळली होती.

तिसऱ्या दिवशी टेबलावर घोळ झाला. क्वीनच्या खोक्यांत प्रिन्स गेले, आतून काळी फळं भरली गेली, आणि व्यापाऱ्याच्या माणसाने एक अख्खी थप्पी उघडून पुन्हा भरायला लावली. मुमताजभाभी एकट्या कुठे कुठे पुरणार? दुपारनंतर तरुण साहेब स्वतः टाकीपाशी आले. बुटांना पाणी लागू नये म्हणून जरा लांब उभे राहिले. म्हणाले, मावशी, झालं गेलं. या टेबलावर.

आत्यांनी हातातलं क्रेट निथळत ठेवलं. "टेबलाचा दर काय हाय, साहेब?"

"सगळ्यांना समान आहे ना. तुम्हाला माहीत आहे."

"मग टाकीच बरी. हितं डोकं लागत न्हाय."

मुमताजभाभींनी हसू दाबायला तोंडात पदर धरला. साहेब आल्या वाटेने परत फिरले. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मला आदल्या दिवशी न कळलेली गोष्ट समजली. त्यांनी कौशल्याला वेगळा दर ठेवला नव्हता. त्यामुळे कौशल्य हातातच ठेवून बसलं, तर आत्यांचा एक पैसाही कापला जाणार नव्हता. काढून टाकलं असतं तर हात कायमचाच गेला असता, आणि मुमताजभाभींचा सोडला तर तसा हात पुलाच्या अलीकडच्या गाडीत दुसरा नव्हता. एकच फाटक असण्याचा जाच आजवर फक्त आत्यांना होता. त्या दुपारी तो थोडासा साहेबांनाही झाला.

संध्याकाळी पाचला आत्यांनी नेहमीसारखी धार काढली. बोटं फुटली होती, त्यांना खोबरेल लावलं होतं. गाईने एकदा पाय झाडला, तेव्हा तिच्यावर मात्र त्या खेकसल्या.

मी निघाले त्या सकाळी पोपटरावांनी पुन्हा निरोप आणला की आज टेबलावर बोलावलंय. आत्यांनी गाडीच्या फळीवर पाय ठेवून विचारलं, दर सांगितला का? पोपटराव म्हणाले, ते मला काय ठावं. आत्या आत बसल्या आणि गाडी गेली. मागून मला एवढंच दिसलं की मुमताजभाभींनी सरकून त्यांच्या मांडीवर आपली शाल टाकली.

पुण्याला येऊन बारा दिवस झाले. काल स्वातीने घरी फोन केला, तेव्हा स्पीकरवर मीही होते. आत्या अजून टाकीवरच आहेत. साहेबांनी टेबलावर दोन नव्या मुली घेतल्या. परवा ते आत्यांना म्हणाले, तुम्ही टेबलावर बसू नका, पण या दोघींना तेवढं शिकवा. आत्यांनी विचारलं, शिकवायचा दर काय?

साहेब म्हणाले, विचारून सांगतो.

पुलापलीकडे फोन लावून कुणाला विचारणार, ते आता आत्यांनाही माहीत आहे आणि मलाही.